अळू शिजेपर्यंत

यंदाही श्रावणात अळू माजलं. सोसायटीच्या मागच्या भिंतीकडेला, वॉशिंग मशिनचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथं, सुपाएवढी पानं झाली आहेत आणि देठ काळेभोर. सकाळी पानावर थेंब ठरतो, पान हललं की घरंगळून खालच्या पानावर जातो. अळवावरचं पाणी असं सगळेच म्हणतात, पण ते पाणी उभं राहून बघणारे फार नसावेत. मी बघते. हातात सुरी असते, दंडाला पिशवी अडकवलेली असते, आणि पहिलं पान कापायच्या आधी मी क्षणभर थांबते. वरच्या मजल्यावरून लहान मुलाच्या रडण्याचा आवाज येतोय का, हे ऐकते. येत नाही. मग पान कापते.

पूर्वी अशी थांबत नव्हते. बेसूर गुणगुणत सटासट पानं कापायची आणि घरी यायची. एका श्रावणानं ही सवय लावली.

मुळात मी फुलांची बाई नाही. शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळं लोकांना वाटतं हिला गुलाब आवडत असतील. आवडतात, दुसऱ्याच्या दारात. ज्याचं पुढं काही होत नाही असं झाड लावायला माझा हात वळत नाही. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा बिल्डरनं पार्किंगच्या कडेला क्रोटन, ड्युरांटा आणि कसलंसं परदेशी गवत लावून दिलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात गवत गेलं. क्रोटन राहिले. रंग म्हणाल तर सगळे, पण त्या पानाला कुणाच्या स्वयंपाकघरात बोलावणं नाही. मी एकेक क्रोटन गुपचूप काढत गेले आणि जागा कधी मोकळी दिसू दिली नाही, म्हणून कुणी काही बोललं नाही.

आता तिथं कडेनं लाल माठ असतो. पावसाळी ढगाळ उजेडात तो लाल रंग जसा पेटतो तसा माझ्या रंगपेटीतला एकही लाल पेटत नाही. त्याच्या मागं अंबाडी, उंच, तांबड्या देठांची, फिकट पिवळ्या फुलांच्या पोटात गडद ठिपका. गेटच्या जाळीवर मायाळू चढवलाय. पाण्याच्या टाकीवरून पडवळ खाली सोडलाय; त्याची पांढरी झालरीची फुलं संध्याकाळी उमलतात, आणि फळ वाकडं होऊ नये म्हणून त्याच्या टोकाला मी दोऱ्यानं दगड बांधते. नवीन भाडेकरू आले की पहिला प्रश्न हाच विचारतात, हे दगड कशाला टांगलेत? आमचे साहेब त्यांना सांगतात, "हिला ताजमहाल दाखवला तरी ही विचारेल, याच्या घुमटावर दोडका चढेल का?" चढेल की. न चढायला काय झालं?

एवढ्याशा चिंचोळ्या पट्टीत मी हा सगळा खटाटोप करते तो वर्षातल्या एका दिवसाचं निमित्त धरून. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बायकांनी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या रानातलं काही नको, नुसतं परसात हातानं लावलेलं, आपोआप उगवलेलं. माझी आई हे पाळायची, मी पाळते. धार्मिक म्हणाल तर मी फारशी नाही. पण ज्यानं वर्षभर जू ओढलं त्याच्या घामाचं एक दिवस तोंडात घालायचं नाही, हा विचार मला फार सभ्य वाटतो. शिवाय ती भाजी! अळू, माठ, पडवळ, दोडका, भेंडी, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, हिरवी मिरची, चिंच, खोबरं. तेलाची फोडणी नाही, मसाला नाही, आणि तरी चव अशी की सोसायटीतल्या सगळ्या बायका त्या सकाळी पिशव्या घेऊन माझ्या पट्टीत उतरायच्या. बागेचं खरं कौतुक तेव्हा व्हायचं. पिशवीत गेल्याशिवाय कौतुक पुरं होत नाही, असं माझं मत आहे.

आक्का आल्या त्या वैशाखात. दुसऱ्या मजल्यावरच्या दत्ताची ही आई, माण तालुक्यातल्या म्हसवडकडच्या एका वाडीतली. जन्म मेंढरांमागं गेलेला. तिकडं मेंढरांना बकरीच म्हणतात. नवरा वारला, बकरी दिराच्या कळपात गेली आणि दत्तानं आईला साताऱ्यात आणलं. दत्ता एमआयडीसीत शिफ्टनं कामाला जातो. त्याची बायको प्रियांका रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, आणि त्यांची स्वरा तेव्हा चार वर्षांची होती. आक्का आल्यानं पोरीजवळ घरचं माणूस झालं.

आमचा जिल्हा मोठा विचित्र आहे. यवतेश्वराच्या डोंगरावर ढग उतरला की इकडं आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, आणि त्याच वेळी माणमध्ये माणसं हाताचा आडोसा करून आभाळाकडं बघत असतात. आक्का त्या कोरड्या बाजूच्या. त्यांच्यापुढं पाण्याचा नळ सोडून भांडी घासायची सोय नव्हती. त्या लगेच येऊन बंद करायच्या. फ्लॅटमध्ये त्यांचा जीव घुसमटायचा. खाली यायच्या आणि माझ्या पट्टीच्या कडेला उकिडव्या बसायच्या. उंच, काटक बाई, कपाळावर भल्या मोठ्या कुंकवाच्या जागी आता नुसतं गोंदण.

"बाई, ह्ये खायाचं हाय का नुसतं बघायचं?" अंबाडीकडं बोट करून त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं.

"दोन्ही."

"मग बेस हाय," म्हणाल्या, आणि न सांगता तण उपटायला लागल्या.

त्यांना रानभाज्या माहीत होत्या. तांदूळजा, पाथरी, घोळ. विटांच्या फटीतली घोळ मी तण म्हणून टाकून द्यायची, ती त्या ओच्यात गोळा करायच्या. वाटेवर चूल कशी मांडायची ते त्या सांगायच्या. तीन दगड, हाताला लागेल तो पाला, मीठ, मिरची, एक चटका आणि उतरवायचा. "कळप हालायच्या आत जेवान उरकाया लागतं. पाला लय शिजवू ने, त्यातला जीव जातोय." मी त्यांना पंचमीची गोष्ट सांगितली, बैलाचं खायचं नाही ही, तेव्हा त्या बराच वेळ हसल्या. "आवं, आमच्यात नांगुरच न्हवता. आमची रोजचीच पंचमी."

आषाढ असा गेला. स्वरा आमच्या दोघींमध्ये चिखलात बसायची. आजीचं आणि नातीचं चांगलं जमलं होतं, पण स्वयंपाकघरात आक्कांचं काही चालत नव्हतं. प्रियांका कामाची मुलगी. सकाळी सगळं करून, डबे भरून, ओटा पुसून जायची. सासूला तिनं कधी वाकडं म्हटलं नाही. आक्कांना मात्र आपण नातीला आपल्या हातचं काही घातलं नाही याची रुखरुख होती. एकदा म्हणाल्याही, "हितं माजा हात रिकामाच."

श्रावणातल्या एका शनिवारी माझी सकाळची शाळा होती. दुपारी घरी येऊन छत्री उघडून वाळत ठेवत होते आणि वरून स्वराचं रडणं ऐकू आलं. मुलांचं रडणं मला नवीन नाही, वर्गात दिवसाला दोन-तीन तरी रडतात. हे तसलं नव्हतं. मी तशीच वर धावले.

दार सताड उघडं. आक्का भिंतीला टेकून बसलेल्या आणि मांडीवर स्वरा, जीभ बाहेर काढून नखांनी ओरबाडतेय. ओठ सुजलेले. लाळ गळत होती, गिळता येत नव्हतं. शेजारी ताटलीत भाकरीचा तुकडा आणि भाजी. लसूण, दाण्याचा कूट आणि हिरव्यागार पानाच्या चिरफळ्या. अळू शिजलं की हिरवं राहत नाही. मला सगळं एका नजरेत कळलं.

"आक्का, अळू घातलंत?"

"व्हय. परतलं की जरा. पालाच त्यो."

"तुम्ही खाल्लंत?"

"आदी लेकराला घातलं," म्हणाल्या.

ज्याला अळू माहीत आहे त्याला हे सांगायला नको. ते चिंच घालून, देठ सोलून, पार गाळ होईस्तोवर शिजवायचं असतं. नाहीतर घशात हजार सुया टोचतात. मोठ्या माणसाचा जीव कासावीस होतो, इथं तर चार वर्षांचं पोर. मी थंड दूध चमच्यानं तिच्या जिभेवर सोडायला बघितलं, तिनं ते उडवून लावलं. खाली रिक्षा मिळाली. आक्का अनवाणीच बसल्या. पाऊस आडवा येत होता, रिक्षाचा पडदा फडफडत होता. पोवई नाक्याच्या अलीकडं गाड्या तुंबल्या आणि तिथंच स्वराचं रडणं थांबलं. रडत होती तोवर मला धीर होता. ती गप्प झाली, नुसता घरघर असा श्वास ऐकू यायला लागला, तशी मी रिक्षावाल्यावर ओरडले. त्यानं फुटपाथवरून रिक्षा घातली. आक्का नातीचं डोकं दोन्ही हातांत धरून तिच्या घशाकडं बघत होत्या.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं, आत नेलं. आम्हाला बाहेर बसवलं. मी भ्यायले होते, आणि भीती वाटली की मला राग येतो. राग कुणाचा यावा हे कळत नव्हतं. आक्कांचा येत नव्हता. त्यांच्या पायांतून फरशीवर पाणी गळत होतं आणि त्या ते पदरानं पुसत होत्या, परत गळत होतं, परत पुसत होत्या.

प्रियांका लॅबच्या कोटातच आली. थेट आत गेली. संध्याकाळी सूज उतरली, स्वरानं बिस्किट मागितलं, डॉक्टर म्हणाले आता काळजी नाही. तेव्हा कुठं प्रियांका बाहेर येऊन सासूसमोर उभी राहिली. ती वाळव्याकडची, इस्लामपूरजवळच्या बागायती गावातली. तिच्या माहेरी मोरीच्या पाण्यावर बाराही महिने अळू. सासूला ती आत्या म्हणते.

"आत्या, कुणी सांगितलं होतं तुम्हाला करायला?"

"पोरगी म्हनली, बाईंच्या घरची वडी पायजे. मला वडी येत न्हाई. म्हनलं भाजी करावी." मग थोडं थांबून म्हणाल्या, "कोकणात पानंदीला बघितलंया ते मी. बकऱ्यांनी कवा तोंड लावलं न्हाई त्याला. पन हितं तुमी समदी खाताय, म्हनून मी खुडलं. बकऱ्यांचं ऐकाया पायजे हुतं."

प्रियांका काही बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. भांडण झालं की कधीतरी मिटतं. तिनं नुसती मान फिरवली आणि त्या दिवसापासून त्या घरात एक शांतता आली. प्रियांका कामावर जाताना गॅस खालून, सिलिंडरपाशीच बंद. स्वराचा दुपारचा डबा तिसऱ्या मजल्यावरच्या पाळणाघरात. आक्कांना कुणी काही मनाई केली नव्हती. मनाई करायला बोलावं तरी लागतं.

सोसायटीत बोलणारे मात्र भरपूर निघाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. ग्रुपवर सेक्रेटरींनी टाकलं की आवारातली विषारी झाडं काढावीत. मग कुणीतरी लिहिलं, गावाकडची माणसं आहेत, त्यांना काय कळतंय. मी पंचवीस वर्षं मुलांना शिकवतेय, पण ते वाचून माझ्या तोंडात आल्या त्या शिव्या कुठल्याच शाळेत चालणार नाहीत. हिंडत फिरत अर्धा महाराष्ट्र पायाखाली घातलेली बाई ती. जो पाला तिनं कधी शिजवलाच नाही त्याच्यापुढं चुकली. ही ग्रुपवरची मंडळी उद्या माणच्या माळावर सोडली तर संध्याकाळपर्यंत काय काय खाऊन बसतील, देव जाणे. मी तसं लिहिलं आणि साहेबांनी फोन हातातून काढून घ्यायच्या आत पाठवूनही दिलं. अळू राहिलं. पण माझ्याशी बोलणाऱ्या दोन बायका कमी झाल्या.

त्या पावसाळ्यात बाग जशी आली तशी परत आली नाही. घेवड्याला जांभळ्या शेंगांचे घोस लागले, भेंडीच्या फुलांनी सकाळ पिवळी व्हायची. आणि मला ते बघवत नव्हतं. सुंदर झाड खाता येतं, एवढ्यावर मी इतकी वर्षं खूश होते. खाता येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तिची म्हणून एक रीत असते आणि ती रीत पानावर लिहिलेली नसते, हे मला त्या महिन्यात टोचत राहिलं. आईनं केलं तसं मी करते. चिंच का, देठ का सोलायचे, हे मी तरी कुठं कुणाला विचारलं होतं? बघत बघत आलं. आक्कांच्या शेजारी बसून बघायला कुणी नव्हतं.

त्या खाली येईनाशा झाल्या. मी बोलवायला गेले की दारातूनच म्हणायच्या, "नगं बाई. माजा हात लागाया नगं." स्वरा पाणी मागायची तर त्या प्रियांकाला हाक मारायच्या. प्रियांका घरी नसली तर पोरीला शेजारी पाठवायच्या. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात हे ठीक, पण इथं ताकाचं भांडंच त्यांनी दूर सारलं होतं. आणि एक दिवस दत्ता जिन्यात भेटला. मान खाली घालून म्हणाला, "गौरी जेवल्या की आईला गावाला सोडतो."

"तिथं कोण आहे?"

"घर हाय की."

घर होतं. पण दिवाळी झाली की ती वाडी रिकामी होते. ज्यांची बकरी आहेत ते कळप घेऊन कोकणात उतरतात, दीरही उतरणार. मागं राहतात ती कुलपं आणि दोन-चार म्हातारी माणसं. ज्या बाईला आयुष्यात एकटं झोपायची वेळ आली नाही तिला तिथं सोडायचं. आक्कांना विचारलं तर त्या सरळ म्हणाल्या, "जाते की. माजी मी करून खाईन." त्यांची पिशवी दाराआड भरून ठेवलेली मला दिसली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

प्रियांकाला मी गाठलं ते पट्टीतच. कामावरून येत होती. मी भांडायच्या तयारीनं उभी होते, हे कबूल करते. पण तिनंच आधी तोंड उघडलं.

"बाई, तुम्हाला वाटतंय मी आत्यांवर राग धरलाय."

"मग काय धरलंयस?"

"भीती वाटते ओ. तिकडं लॅबमध्ये सुई हातात असती आणि माझ्या डोळ्यापुढं पोरीची ती जीभ येती. घरात कोण आहे, काय घालतंय, काय करतंय. माझा पायच निघत नाही घरातनं. राग असता तर मी भांडून मोकळी झाली असती." तिचे डोळे भरले होते. "त्यांना जायला मी सांगितलं नाही. त्याच म्हणाल्या. आणि मी थांबा म्हणाली नाही."

भांडायची तयारी वाया गेली. ती आईच होती, आणि तिचं खरं होतं. आक्कांचंही खरं होतं. अशा वेळी कुणाची बाजू घ्यावी ते मला कळत नाही. मी घरी येऊन पडवळाचे दगड बदलत बसले.

गणपती बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन पट्टीत उतरले. कुणीही आलं नव्हतं. मला वाटलंच होतं, तरी लागलं. लाल माठ पावसानं धुऊन निघाला होता, अळू कंबरेएवढं. एकटीनं सगळं कापून घरी आणलं, ओट्यावर ढीग घातला आणि मग वर जाऊन आक्कांच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "या वर्षी मी एकटीच आहे. भाजी निवडायला तरी चला. हात लावायला नको तर बसून राहा."

कशा कोण जाणे, आल्या. निवडणाऱ्याजवळ बसून कुणी नुसतं बघत नाही. हळूहळू त्यांचा हात ढिगात गेला. मी देठ सोलून दाखवला, दोरा कसा ओढायचा तो. चिंचेचा कोळ हाताला चोळून घ्यायचा, म्हणजे हाताला खाज येत नाही. त्यांनी सगळं एकदा बघितलं आणि दुसऱ्यांदा विचारलं नाही. मोठं पातेलं गॅसवर चढलं तेव्हा मी पळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी घेतली, पण दोन्ही हातांनी.

आणि मग ती भाजी त्या उतरवू देईनात.

शिजली तरी नाही. मऊ झाली तरी नाही. मका तर केव्हाच झाला, भोपळा विरघळला. त्या पळीनं थेंबभर काढायच्या, फुंकायच्या, जिभेवर ठेवायच्या आणि डोळे मिटून थांबायच्या. मग परत झाकण. "आक्का, लगदा झाला आता," मी म्हटलं. "हुंद्या," म्हणाल्या. आणखी चिंच घातली. आणखी पाणी. माझा उपास, पोटात कावळे कोकलत होते. मंडळाच्या स्पीकरवर दुपारची गाणी लागली तरी आक्का पातेल्यापुढून हलल्या नव्हत्या. घामानं त्यांच्या पोलक्याची पाठ भिजली होती.

तेवढ्यात प्रियांका आली. मोदकाचा डबा द्यायला आली होती, स्वरा हाताशी. दारातच थांबली. आक्का चटकन गॅसपासून बाजूला झाल्या, चोरी करताना सापडावं तशा. भाजी रटरटत होती.

"चिंच घातली?" प्रियांकानं विचारलं. मला की त्यांना, ते कळलं नाही.

"घातली," आक्का म्हणाल्या. "बाईंनी दावली तेवढी. आनि वर मूठभर."

"किती शिजली?"

"सकाळधरनं."

मग आक्कांनीच एक वाटी घेतली, काठोकाठ भाजी वाढून घेतली आणि भिंतीशी बसून आमच्यादेखत सगळी खाल्ली. वाटी खाली ठेवली. "आता जरा दम धरा," म्हणाल्या आणि घशावर तळवा ठेवून बसल्या. आम्ही तिघी त्यांच्या घशाकडं बघत उभ्या. बाहेर कुणाच्या तरी घरी आरती संपून टाळ्या वाजल्या. कुणाचा तरी कुकर वाजला. माझ्या मनात एकच, की आज काही होऊ नये. एवढंसं जरी खवखवलं तरी ही बाई उद्या गावाची गाडी धरेल आणि परत कधी चुलीपुढं बसणार नाही.

"आज्जे, टोचतंय?" स्वरानं विचारलं.

आक्कांनी मान हलवली. नाही.

प्रियांकानं डबा ओट्यावर ठेवला. फरशीवर सासूच्या समोर मांडी घालून बसली, एक ताटली ओढली आणि पुढं केली. "वाढा."

"बाई वाढतील की."

"बाई नको. तुम्ही वाढा."

आक्कांनी वाढली, थोडी भाजी फरशीवर सांडली. प्रियांका खाली मान घालून जेवली. सावकाश. मधे एकदा थांबली तशी मी पुढं झाले, पण तिनं फक्त मिरचीचा तुकडा बाजूला काढला. ताटली रिकामी झाली. परत पुढं केली, परत वाढून घेतली. मग ताटलीकडंच बघत म्हणाली, "आत्या, परवापासनं मला ड्यूटी आहे. पोरीला दुपारी जेवायला तुम्ही घालणार का?"

आक्कांनी स्वराला ओढून जवळ बसवलं. वाटीत चमचाभर भाजी घेतली, फुंकली, बोटानं चाचपली, परत फुंकली. घास उचलला आणि तसाच हवेत धरून प्रियांकाकडं बघत राहिल्या. स्वरानं तोंड केव्हाच उघडलं होतं.